गस्तीच्या नोंदींनी पकडलेला दोष

२४ जुलै १९४३. प्रशांत महासागरातल्या ट्रुक बेटांजवळ अमेरिकेच्या ‘टिनोसा’ पाणबुडीने जागीच थांबलेल्या जपानी तेलवाहू जहाजावर एकामागून एक टॉर्पेडो सोडले. आपटले, पण बहुतेक फुटलेच नाहीत! कप्तान डॅन डॅस्पिटने एकेका माऱ्याची काटेकोर नोंद ठेवली आणि शेवटचा टॉर्पेडो तपासणीसाठी राखला.

पर्ल हार्बरला मग क्रेनवरून टॉर्पेडो जाड पोलादी पत्र्यावर आदळून पाहिले. काटकोनात धडक बसली की स्फोट घडवणारी पिन अडकायची. तिरक्या धडकेत चालायची. म्हणजे अचूक नेमच वाया जात होता! हलक्या धातूच्या पिनेने प्रश्न सुटला.

पाणबुडीत टॉर्पेडो कुठे असतात हे पाहायचे असेल, तर १९७१च्या भारत-पाक युद्धात अरबी समुद्रात गस्त घालणारी भारतीय पाणबुडी ‘आयएनएस कुरसुरा’ आज विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. तिकडे गेलात तर टॉर्पेडो कक्षात जरा जास्त वेळ थांबा.