खेळातील धाव आणि खेळातील विसावा



घरोघरी मोबाइल आला आणि त्याच्यामागोमाग व्हिडिओ गेमही आले. मुले तासन्‌तास खेळत बसतात, ही मातापित्यांची नित्याची तक्रार होय. मूल किती वेळ खेळते, हा प्रश्न महत्त्वाचा खराच. परंतु तो खेळ त्याच्या मनाला कोठे विसावू देतो की नाही, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज त्याचाच थोडा विचार करू.

अशा खेळाची दोन अंगे असतात. एक धाव, उडी आणि झुंज यांचे, दुसरे वातावरणाचे. वातावरण म्हणजे ज्या भूमीत हे सारे घडते ती भूमी, तेथील उजेड, संगीत आणि निःशब्दता. नुसतीच झुंज असली तर बोटे चालतात, पण मन शिणते. नुसताच देखावा असला तर मूल कंटाळून उठते. या दोहोंचा मेळ घालणे हेच खेळ रचणाऱ्याचे खरे कौशल्य.

२००५ साली जपानमध्ये फुमितो उएदा यांच्या दिग्दर्शनाखाली ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ हा खेळ निघाला. त्यातील प्रदेश विस्तीर्ण. झुंजावयाचे ते मात्र अवघ्या १६ महाकायांशी. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना नायक घोड्यावरून ओसाड माळ तुडवीत जातो. वाटेत ना शत्रू, ना वाद्यांचा गजर. त्या एकांतामुळेच पुढील झुंजीस वजन येते. महाकाय कोसळला की विजयाच्या नव्हे, विषादाच्या सुरांनी खेळणारा अंतर्मुख होतो.

आपल्याकडील उदाहरण पुण्याचे आहे. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०१७ साली आपल्या खेळासाठी लोकवर्गणी मागितली. अपेक्षित रक्कम जमली नाही. तरीही काम न सोडता त्यांनी २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ पूर्ण केला. हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा आहे. राजस्थानी धाटणीचे महाल आणि कथा सांगणारी भित्तिचित्रे पाहत ती पुढे जाते; मध्येच असुरांशी लढते. जगभरच्या समीक्षकांनी त्यातील देखाव्यांची वाहवा केली. झुंज मात्र कित्येकांना तितकीशी रुचली नाही. मेळ साधणे किती कठीण, हे यावरून दिसते.

धार आणि देवास या पवारांच्या जुन्या संस्थानांकडे वळले तर हीच गोष्ट निराळ्या रूपाने भेटते. धारपासून सुमारे ३५ किलोमीटरवर मांडू आहे. तेथील जहाज महाल मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये उभा आहे. सहलीला आलेला जो धावतपळत जातो, त्यास केवळ दगड दिसतात. जो क्षणभर थांबतो, त्यास पाण्यावर तरंगणारे जहाज दिसते. देवासला कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास क्षयाने आजारी होऊन राहावयास आले. गाणे वर्षानुवर्षे बंद झाले. त्या सक्तीच्या मौनात त्यांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली, आणि पुढे त्यांचे गाणे परतले ते नव्या तेजाने. ते मौन वाया गेले नव्हते.

संत थॉमस अक्वायनस यांनी खेळाविषयी लिहिताना संत योहानाची एक जुनी कथा दिली आहे. शिष्यांसह विरंगुळ्यात रमलेल्या योहानास पाहून कोणी नाक मुरडले. योहानाने जवळच्या धनुर्धाऱ्यास सतत बाण सोडीत राहावयास सांगितले. तो म्हणाला, तसे केल्यास धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे संतांनी दाखविले. खेळ हा मनाचा विसावा आहे. परंतु ज्या खेळात क्षणाचीही उसंत नाही, तेथे दोरी पुन्हा ताणलेलीच राहते. मूल खेळून उठते ते चिडलेले, यात नवल काय?

एलिया संदेष्ट्यास परमेश्वर वादळात, भूकंपात वा अग्नीत भेटला नाही; त्यानंतरच्या मंद स्वरात भेटला. ज्या मुलास शांततेची सवयच नाही, त्यास तो स्वर ऐकू यावा कसा? मिस्सेत ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरचे ते मौन त्यास ओझेच वाटेल.

म्हणून, मातापित्यांनो, मोबाइल हिसकावून घेण्यापूर्वी एकदा मुलाशेजारी बसा. “बाळा, या खेळात थांबून पाहावे असे काही आहे का? मला दाखव पाहू,” असे विचारा. त्याने दाखविले तर कौतुकाने पाहा. दाखविण्याजोगे काहीच नसेल, तर खेळ बदलावयास हवा, हे त्याचे त्यालाच उमगेल. आणि सायंकाळी रोझरीची वेळ झाली की मुलाबरोबर आपलाही मोबाइल बाजूस ठेवा.