युफोनियमचे एकलवादन आणि बँडपरंपरा : मुळशी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

लग्नाची वरात आणि गणपतीची मिरवणूक यांमुळे पितळी वाद्ये मराठी समाजाच्या अंगवळणी पडून शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरीही बँडमधील वाद्यांची नावे विचारली असता सामान्य श्रोता क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांपाशीच थांबतो. मांडीवर किंवा छातीशी आडवेतिडवे कवटाळलेले, वर उघडणाऱ्या मोठ्या कर्ण्याचे युफोनियम तो रोज पाहतो व ऐकतो; पण ओळखत नाही. हे केवळ ताल धरणारे खर्जातील वाद्य आहे, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. युफोनियम हे मुळात गाणारे वाद्य असून त्याच्यासाठी स्वतंत्र एकलसंगीत रचले गेले आहे. आपल्याकडील बँडमध्येही त्याला गाण्याचे काम दिले जाते. मात्र ते कागदावर उतरलेले नाही. प्रस्तुत लेखात या दोन परंपरांचा एकत्रित विचार केला असून मुळशी तालुक्यातील बदलत्या लग्नसोहळ्यांच्या पार्श्वभूमीवर त्यातील दुसरीचे काय होत आहे, हे पाहिले आहे.

पाश्चात्त्य एकलसंगीत

‘युफोनियम’ हे नाव ‘गोड आवाजाचा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आले. जर्मनीतील वायमार येथील फर्डिनांड झोमर याने 1843 च्या सुमारास या वाद्याचा आद्य नमुना प्रचारात आणला. सिंफनी वाद्यवृंद तोवर आपल्या घडणीत स्थिरावला होता आणि नव्या वाद्यास तेथे जागा मिळाली नाही. होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’सारख्या मोजक्या कृतींत ते डोकावते, इतकेच. त्याचे खरे घर लष्करी व नागरी बँड हेच राहिले. त्याच्या एकलसंगीताचे वैशिष्ट्यही यातूनच आले आहे : ते बँडमास्तरांच्या हातून जन्मले. 1872 मध्ये आमिल्कारे पोंकिएली याने या कुळातील ‘फ्लिकोर्नो बासो’ या वाद्यासाठी कॉन्चेर्तो लिहिला, तेव्हा तो इटलीतील क्रेमोना शहराच्या बँडचा प्रमुख होता. ‘ला जोकोंदा’ या ऑपेराने त्याला कीर्ती मिळाली ती चार वर्षांनी. अमेरिकेत सूझाच्या बँडमधील सिमोने मांतिया याने लोकप्रिय गीतांवर अवघड स्वरविस्तार रचून ते श्रोत्यांपुढे मांडले. इंग्लंडमध्ये गॉर्डन जेकब यांची ‘फँटेशिया’ (1969) आणि जोसेफ होरोविट्झ यांचा कॉन्चेर्तो (1972) या कृतींमुळे वाद्याला गंभीर मैफलीची प्रतिष्ठा लाभली.

येथे मांतियाचे उदाहरण विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. सर्वांना ठाऊक असलेली चाल घेणे, ती प्रथम सरळ वाजविणे आणि मग तिला आपल्या बोटांनी व श्वासाने सजविणे, ही पद्धत महाराष्ट्रातील बँडवादकाला परकी वाटणार नाही.

बँडमधील युफोनियम

भारतात पितळी वाद्ये ब्रिटिश फौजेबरोबर आली, संस्थानिकांच्या दरबारी रुजली आणि तेथून रस्त्यावर उतरली. गोव्यातील ख्रिस्ती वादकांना चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण मिळत असे. मराठी बँडमधील बहुसंख्य वादक मात्र कानावरून शिकले. वाद्यांच्या बाबतीत मेरठ शहराने देशाची गरज भागविली. तेथील नादिर अली आणि कंपनी 1885 पासून या व्यवसायात आहे. पुण्यात प्रभात बँड व दरबार बँड ही नावे गणेशोत्सवाच्या मिरवणुकीशी कायमची जोडली गेली आहेत.

चित्रपटगीत वाजविताना पुष्कळ बँडमध्ये गायकाची ओळ क्लॅरिनेट अथवा ट्रम्पेट घेते आणि बाकीची पितळी वाद्ये तिला उत्तर देतात. युफोनियम तीच चाल एक सप्तक खाली धरते. परंतु गीत संथ व करुण असले की क्रम उलटतो. ‘नीलकमल’ (1968) या चित्रपटातील महंमद रफी यांनी गायिलेले मुलीच्या पाठवणीचे गीत ट्रम्पेटवर कर्कश वाटते, तर युफोनियमवर ते पुरुषाच्या कंठातून आल्यासारखे भासते. शंकू-आकाराने रुंदावत जाणाऱ्या नळीमुळे त्याचा स्वर गोलाई धरतो, हे त्याचे कारण. अशा वेळी चांगला बँडमास्तर इतरांना थांबवून युफोनियमला एकटे सोडतो. आपल्याकडील एकलवादन हेच.

हे वाटते तितके सोपे नाही. युफोनियमची नळी सुमारे पावणेतीन मीटर लांब असून पिस्टन न दाबता मिळणारा मूळ स्वर काळी पाचचा असतो. पहिला पिस्टन स्वर दोन श्रुत्यंतरांनी नव्हे, तर दोन अर्धस्वरांनी उतरवितो, दुसरा एकाने आणि तिसरा तिनांनी. काळी पाचला षड्ज मानल्यास षड्ज व पंचम मोकळे मिळतात, मध्यम पहिल्या पिस्टनवर येतो. पण शुद्ध रिषभासाठी पहिला व तिसरा, तर कोमल रिषभासाठी तिन्ही पिस्टन एकदम दाबावे लागतात. एकाहून अधिक पिस्टन दाबले की नळीची वाढलेली लांबी अपुरी पडते आणि स्वर चढा लागतो. भैरवीचा कोमल रिषभ हा म्हणूनच वादकाची परीक्षा पाहतो : ओठ सैल करून तो खाली ओढावा लागतो. इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्लेकली याने 1874 मध्ये या दोषावर जादा नळ्यांची योजना काढली. परंतु ती वाद्ये महाग असतात. आपल्या बँडमध्ये नेहमी दिसणारी तीन पिस्टनची साधी वाद्ये त्या सोयीविना वाजतात. त्यावर एक उपाय म्हणजे पंचमालाच, अर्थात पांढरी चारला, षड्ज धरणे. तेथे रिषभासाठी तिन्ही पिस्टन लागत नाहीत. मींड ही दुसरी अडचण. ती पिस्टन अर्धवट दाबून व ओठांच्या ताणाने साधतात.

हार्मोनियमवरही मींड निघत नाही. तरीही गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी तिच्या एकलवादनाला मैफलीत मान मिळवून दिला. युफोनियमला तसा मान लाभला नाही, याचे कारण वाद्याच्या मर्यादेपेक्षा वादकाच्या सामाजिक स्थानात शोधावे लागेल. बँडवाल्याचे संगीत मोजले जाते ते तासांवर आणि माणसांच्या संख्येवर.

मुळशीतील बदल

मुळशी तालुक्याचा स्वतःचा मिरवणुकीचा वाद्यमेळ ढोल-लेझीम हा आहे. बँड येथे लग्नाच्या निमित्ताने येतो. पूर्वी गावातील वरात रात्री निघे, देवळापाशी थांबे, आळीआळीतून रेंगाळत जाई. या रेंगाळण्यातच एकलवादनाला अवकाश होता. हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान पार्क उभा राहिल्यानंतर आणि पौड रस्त्यालगत भूगाव, भुकूम, पिरंगुट या पट्ट्यात मंगल कार्यालये व लॉन्स वाढल्यानंतर सोहळ्याचे स्वरूप पालटले. नवरदेवाची मिरवणूक प्रवेशद्वारापासून मांडवापर्यंत, तीही मुहूर्ताची घाई सांभाळून निघते. एवढ्या अंतरात नाचाच्या दोन-तीन जलद चालीच बसतात. बँडच्या पीछेहाटीचा सगळा दोष डीजेला देण्याची प्रथा आहे. ध्वनिप्रदूषणविषयक 2000 च्या नियमांनंतर डीजेवर बंधने आली. पण त्यामुळे संथ चाल परत आली असे नाही. वाद्य टिकले तरी त्याचे गाणे जाऊ शकते, हे येथे दिसते.

लेखनाची गरज

पोंकिएलीचा कॉन्चेर्तो आज वाजविता येतो, कारण तो लिहिलेला आहे. मराठी बँडमधील युफोनियमवादकाने एखाद्या अभंगाची अथवा नाट्यपदाची केलेली मांडणी त्याच्याबरोबर संपते. ध्वनिमुद्रण आवश्यक आहेच. परंतु त्यावरून पुढील वादकाला बोटे कळत नाहीत. भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत प्रत्येक स्वराखाली दाबलेल्या पिस्टनचे क्रमांक लिहिणे, अर्धवट दाबलेल्या पिस्टनसाठी वेगळी खूण ठरविणे, श्वासाच्या जागा दाखविणे आणि षड्ज काळी पाच आहे की पांढरी चार, हे आरंभीच नोंदविणे, एवढ्याने काम भागू शकेल. महाविद्यालयांतील संगीत विभागांना हे अवघड नाही. मात्र त्यासाठी विद्यार्थ्यांना लग्नसराईबाहेरच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्यात, वादकांच्या घरी जावे लागेल. कारण तेव्हाच त्यांना संथ चाली वाजवून दाखविण्यास सवड असते.