शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

आमच्या मातोश्रींना पक्षाघाताचा झटका आला, त्याला आता बरीच वर्षे लोटली. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली आणि पुढची चार वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. रोज सकाळी दवाखान्यात जाण्यापूर्वी मी त्यांचा रक्तदाब मोजून वहीत टिपून ठेवीत असे. चार वर्षांत त्यांच्या पाठीवर एकही शय्याव्रण झाला नाही, याचा डॉक्टर म्हणून मला अभिमान वाटे. वस्तुतः रात्रीसुद्धा दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवणारे हात माझे नव्हते, माझ्या पत्नीचे होते.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी ती स्वयंपाकघरात घेरी येऊन पडली. रक्तदाब १८०/११० भरला. डोके वर्षभर दुखतच होते, असे तेव्हा कळले. “अगं, मग सांगितलं का नाहीस?” मी विचारले. “तुम्ही कधी विचारलंत?” एवढेच ती म्हणाली. ज्या यंत्राने मी आईचा रक्तदाब रोज मोजत होतो, ते तिच्या दंडाला एकदाही लागले नव्हते. त्या चुकीने मला जे शिकवले, ते आपल्यापुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

शुश्रूषा ही आपल्याकडे सेवा मानली जाते, आणि ती सेवा आहेच. परंतु ती शरीराला व मनाला शिणवणारे कामही आहे. अमेरिकेतील शुल्झ आणि बीच यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या ६६ ते ९६ वयाच्या स्त्रीपुरुषांचा त्यांनी सुमारे चार वर्षे मागोवा घेतला. ज्यांना या कामाचा ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. ताण नसलेल्यांत मात्र तशी लक्षणीय वाढ दिसली नाही. म्हणजे मारक ठरते ती शुश्रूषा नव्हे. विसाव्यावाचून, एकाकीपणे वाहिलेला तिचा भार. १९९५ मध्ये कीकोल्ट-ग्लेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची काळजी घेणाऱ्या स्त्रियांच्या त्वचेवरची छोटीशी जखम भरून यायला इतरांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अभ्यास लहान होता, दोन्ही गटांत तेरा-तेराच स्त्रिया होत्या; परंतु मनाचा ताण मनापुरता राहत नाही, हे त्याने स्पष्ट केले.

हा ताण येतो कोठून? पहिले कारण तुटक झोप. दुसरे, उचल-ठेव करताना कमरेवर येणारा भार. तिसरे, तुटलेला लोकसंपर्क: हळदीकुंकू, लग्नकार्य, गणपतीतले कार्यक्रम, सारे हळूहळू सुटते. आणि चौथे, ज्याविषयी कोणी बोलत नाही ते, अपराधीपणा. रुग्णावर एखादे वेळी राग येतो, ‘आता सुटका व्हावी’ असा विचार मनाला चाटून जातो, आणि मग त्या विचाराचीच लाज वाटते. असा विचार येणे हे थकव्याचे लक्षण आहे, दुष्टपणाचे नव्हे, हे आपण डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. त्या एका वाक्याने रडू फुटलेली माणसे मी पाहिली आहेत.

आपल्या इंदूरच्या मराठी समाजात हा प्रश्न अधिक तीव्र होत आहे. रामबागेतल्या वाड्यांत पूर्वी चार हात असत. आता मुले पुणे, बंगळूर किंवा परदेशी असतात, आणि सत्तरीची पत्नी पंचाहत्तरीच्या पतीला एकटीने उठवत-बसवत असते. २००७ च्या कायद्याने वृद्ध आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली; परंतु शुश्रूषा करणाऱ्याला विसावा देण्याची जबाबदारी आपणच उचलावयाची आहे.

व्यवसायबंधूंना माझी विनंती अशी. वृद्ध रुग्णाबरोबर आलेल्या व्यक्तीला तीन प्रश्न विचारावेत: रात्री सलग किती तास झोप मिळते? तुमची स्वतःची औषधे वेळेवर घेता का? शेवटचे घराबाहेर स्वतःसाठी कधी पडलात? शक्य तर तिचाही रक्तदाब, वजन व साखर तपासावी. अधिक नेमका अंदाज हवा असल्यास झारिट यांची बावीस प्रश्नांची प्रश्नावली उपयोगी पडते. तिचे मूळ रूप १९८० चे असून चार प्रश्नांची छोटी आवृत्तीही उपलब्ध आहे. रुग्णाला चादरीच्या साहाय्याने कसे सरकवावे, गुडघे वाकवून व पाठ ताठ ठेवून कसे उचलावे, हे दहा मिनिटांत शिकवता येते. अशा शिकवणीने एखाद्याची कंबर वाचते.

कुटुंबीयांनी कामाची वाटणी कागदावर लिहून काढावी. दूरच्या मुलांनी पैसे पाठवावेत हे योग्यच, परंतु वर्षातून पंधरा दिवस येऊन सारा भार स्वतःच्या अंगावर घेणे त्याहून मोलाचे. आठवड्यातून एक अर्धा दिवस शुश्रूषा करणाऱ्याच्या हक्काचा असावा, आणि त्यासाठी तिला कोणाची परवानगी मागावी लागू नये. सतत उदासी, निद्रानाश, जीव नकोसा वाटणे किंवा रुग्णावर हात उगारला जाणे ही लक्षणे दिसताच विनाविलंब मदत घ्यावी. टेलीमानस या शासकीय सेवेचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक घरात दर्शनी जागी लावून ठेवावेत.

आपल्या मंडळांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. निवृत्त पण धडधाकट अशा दहा जणांनी आठवड्यातून दोन-दोन तास एखाद्या रुग्णाजवळ बसण्याचे ठरवले, तर दहा घरांतल्या गृहिणींना मोकळा श्वास घेता येईल. याला निधी लागत नाही, इमारतही लागत नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही रात्रीसाठी एक बाई ठेवली आणि रविवारची सकाळ मी स्वतःकडे घेतली. पहिल्याच रविवारी आईंना कुशीवर वळवताना माझी दमछाक झाली, तेव्हा पत्नीने तीन वर्षे काय केले याची मला खरी कल्पना आली. रक्तदाबाच्या वहीत त्या दिवसापासून दोन रकाने झाले. आई गेल्या; एक रकाना थांबला. दुसरा आजही मी रोज सकाळी भरतो.