मधुमेहात स्टिरॉइड घ्यावे लागले तर...

'डॉक्टर, साखर आत्ता कुठे ताळ्यावर आली आणि आता हे स्टिरॉइड घ्या म्हणतात! मी नाही घेणार.' मधुमेही रुग्णांच्या तोंडून हे मी पुष्कळदा ऐकले आहे. मध्यंतरी आलेल्या एक बाई अशाच होत्या. वय ५२, मधुमेह ८ वर्षांचा. दोन महिन्यांपासून दोन्ही मनगटे आणि बोटांची पेरे सुजत होती. सकाळी तास-दीड तास हात आखडलेले, चहाचा कप धरवत नसे, कणीक मळायचे काम सुनेकडे गेले होते. तज्ज्ञांनी 'आमवात असावा' असे सांगून पुढील तपासण्या होईपर्यंत काही आठवड्यांसाठी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. ती चिठ्ठी घडी घालून पिशवीत तशीच होती.

यातला 'असावा' हा शब्द रुग्णांना फार छळतो. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. कुंपणानेच शेत खावे, तसा प्रकार. पण मधुमेहात सांधे दुखले की प्रत्येक वेळी आमवातच असतो असे नाही. जुन्या मधुमेहात खांदा धरतो, बोटे ताठर होतात. दोन्ही हात नमस्कारासाठी जोडले तर तळवे नीट टेकत नाहीत, मधे फट राहते. त्याला स्टिरॉइडच्या गोळ्यांची गरज नसते. शिवाय रक्तातला 'आर. ए. फॅक्टर' काही निरोगी माणसांतही सापडतो आणि काही आमवाताच्या रुग्णांत सापडत नाही. म्हणून निदानाला वेळ लागला तर डॉक्टर चाचपडत आहेत असे समजू नये.

आता स्टिरॉइडविषयी. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिझोनची इंजेक्शने दिली आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली या कामाचे नोबेल पारितोषिकही मिळाले. पण फार काळ लोटला नाही तोच सुजलेले चेहरे, ठिसूळ हाडे, वाढलेली साखर असे दुष्परिणाम पुढे आले. औषध गुणाचे आहे आणि दुधारी आहे. आमवात अंगावर काढला तर सांधे कायमचे वाकडे होतात, हेही तितकेच खरे. त्या बाईंना मी एवढेच म्हटले, 'गोळी घ्या, पण साखर तपासायची वेळ बदला.'

हीच गोष्ट फार थोड्या रुग्णांना ठाऊक असते. स्टिरॉइडमुळे यकृत जास्त साखर रक्तात सोडते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. सकाळी नाश्त्यानंतर प्रेडनिसोलोन घेतली की साधारण ४ ते ८ तासांनी हा परिणाम सर्वांत जास्त असतो आणि रात्री उतरतो. म्हणजे पहाटेची साखर बऱ्याचदा बरी येते आणि दुपारी तीनला ती ३०० असू शकते! आपल्याकडे रिवाज उपाशीपोटी तपासण्याचा. रिपोर्ट चांगला आला की घरचे सगळे निर्धास्त. म्हणून गोळ्या चालू असताना दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी साखर पाहावी. घरात ग्लुकोमीटर असेल तर उत्तम. आकडा वारंवार २५० च्या वर जात असेल तर डॉक्टरांना कळवावे. त्यासोबत खूप तहान, उलट्या किंवा ग्लानी असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

उपचारही या घड्याळाप्रमाणेच करावे लागतात. आकडा मोठा दिसला म्हणून रात्रीचे इन्सुलिन आपल्या मनाने वाढवले तर पहाटे साखर एकदम घसरते. बहुधा सकाळचे किंवा दुपारचे औषध वाढवावे लागते. काहींना सकाळी इन्सुलिन लागते. 'इन्सुलिन एकदा सुरू झाले की जन्माचे' हा समज येथे बहुधा खोटा ठरतो, कारण स्टिरॉइड थांबल्यावर बऱ्याच जणांचे इन्सुलिनही सुटते. मात्र स्टिरॉइडचा डोस उतरत जाईल तसा मधुमेहाच्या औषधाचाही उतरवून घ्यावा. तो तसाच राहिला तर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. या दिवसांत चतुर्थी-एकादशीचे उपवास बाजूला ठेवावेत. देव रागावत नाही.

साखर वाढली म्हणून स्टिरॉइड एकाएकी बंद करू नये. दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ गोळ्या घेतल्यावर मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपले नैसर्गिक स्टिरॉइड बनवणे मंद करतात. अचानक गोळी तोडली तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते.

आणखी एक. सांधेदुखीवर 'तीन दिवसांत आराम' देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले आढळते. कुणाची साखर कारणाशिवाय चढली की मी आधी पुडीची चौकशी करतो. रुग्ण आधी नाही म्हणतो. पुडी सोबत आलेल्या मुलाच्या खिशातून निघते. सांध्यात घेतलेल्या इंजेक्शननेही साखर काही दिवस वाढते, तेव्हा ते देणाऱ्या डॉक्टरांना आपला मधुमेह आधी सांगावा.

आमवाताचे निदान पक्के झाले की बहुधा मेथोट्रेक्सेट सुरू करतात, म्हणजे स्टिरॉइड लवकर उतरवता येते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याची उदाहरणे आहेत. त्यासाठी एक वार ठरवावा, घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवावा आणि गोळी घेतली की कॅलेंडरवर लगेच खूण करावी.