पूर्वेला ८०, पश्चिमेला २८०

नाळ बरोबर पूर्वेला असताना आमचं होकायंत्र ९० ऐवजी ८० अंश दाखवत होतं आणि पश्चिमेला असताना २७० ऐवजी २८०. उत्तर-दक्षिणेला मात्र बिनचूक. पावसाळा संपवून शिडाची होडी नुकतीच मुंबई बंदरात उतरवली होती. सोबतचा मित्र म्हणाला, "यंत्र गेलंय, नवं घे." मला ते पटेना. बिघडलेलं यंत्र इतकं मोजून-मापून चुकत नाही.

आधी यंत्राचीच परीक्षा घेतली. लोखंडी पान्हा जवळ नेऊन तबकडी वीसेक अंश वळवली आणि पान्हा दूर केला. तबकडी सावकाश परतली, पहिल्याच आकड्यावर थांबली. म्हणजे ती ज्या टोकावर तोललेली असते, ते झिजलेलं नव्हतं.

मुंबईत एक सोय आहे. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक, म्हणजे व्हेरिएशन, इथे एका अंशाच्याही आत आहे. दहा अंशांची चूक दिसली, की ती पृथ्वीची नाही, होडीची. दर्यावर्दी तिला डेव्हिएशन म्हणतात.

ही चूक मोजली ती अशी. प्राँग्ज दीपगृहाच्या पूर्वेला दोनेक मैलांवर गेलो, शिडं उतरवली, इंजिन मंद ठेवलं. होडी कललेली असली तर मोजणीही फसते. नाळ थेट दीपगृहावर रोखली, जीपीएसवरून आमची जागा घेतली आणि तिथून दीपगृहापर्यंतची रेषा नकाशावर मोजली. जीपीएस दाखवतो ती चालीची दिशा मुद्दाम घेतली नाही. बंदरातली ओहोटी होडीला तिरकी ओढते. नाळ एकीकडे, वाट दुसरीकडे. हे विसरून कितीतरी जण चांगल्या होकायंत्राला बोल लावतात. मग उलट फिरून दीपगृह बरोबर पाठीशी घेतलं. अशा खुणा धरत आठ दिशांचे आकडे वहीत उतरवले.

त्या आकड्यांतच उत्तर होतं. सगळीकडे सारखीच चूक असती, तर यंत्र वाकडं बसवलंय एवढाच अर्थ निघाला असता. इथे पूर्व-पश्चिमेला चूक सर्वांत जास्त, आणि तीही एकमेकांच्या उलट. म्हणजे एखादं चुंबक होडीच्या लांबीच्या रेषेत ओढत होतं. नाळ उत्तरेला असली की ती ओढ सुईच्याच रेषेत पडते, सुई वळत नाही; पूर्वेला ती काटकोनात येते.

होकायंत्र केबिनच्या मागच्या भिंतीवर आहे. आत जाऊन त्या भिंतीची दुसरी बाजू पाहिली. पावसाळ्यात हौसेनं बसवलेला स्पीकर जेमतेम वीतभर अंतरावर! तो काढून पुढे नाळेत नेऊन ठेवला. दहाचे दोन अंश झाले. उरलेल्यासाठी यंत्राच्या बुडाशी असलेला दुरुस्तीचा स्क्रू पितळी स्क्रूड्रायव्हरनं फिरवला: पूर्वेला चूक शून्यावर आणली, पश्चिमेला उरली त्यातली निम्मीच काढली. हा स्क्रू सगळ्यात शेवटी हाताळावा. स्पीकर जागेवर असताना फिरवला असता, तर एका चुंबकाच्या खोडीवर दुसऱ्याचं ठिगळ लागलं असतं.

संध्याकाळी होकायंत्राचा दिवा लावला आणि तबकडी पुन्हा तीन अंश सरकली. दिव्याच्या दोन तारा सुट्या, एकमेकींपासून लांब ओढलेल्या होत्या. त्यांना एकमेकींभोवती घट्ट पीळ दिला, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहांचे परिणाम एकमेकांना मारतात. दिवा पुन्हा लावला, विझवला, परत लावला. तबकडी हलली नाही.