अमेरिकन फुटबॉलमधील प्रशिक्षकाचे वैयक्तिक तत्त्वज्ञान : स्वरूप आणि जडणघडण

प्रस्तावना

शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात ‘प्रशिक्षकाचे तत्त्वज्ञान’ हा घटक बहुधा पहिल्या प्रकरणात येतो आणि बहुधा पहिल्या तासातच संपतो. विद्यार्थी व्याख्या लिहून घेतात, शिस्त, चारित्र्य, संघभावना असे चार शब्द पाठ करतात आणि तंत्र व डावपेच या ‘खऱ्या’ विषयाकडे वळतात. परीक्षेच्या दृष्टीने एवढे पुरेसे असते. मैदानावर मात्र ते पुरत नाही. तहानलेल्या खेळाडूला पाणी द्यायचे की नाही, हा प्रश्नही शेवटी तत्त्वज्ञानाचाच असतो आणि त्याचे चुकीचे उत्तर माणसाच्या जिवावर बेतू शकते.

प्रस्तुत लेखात प्रशिक्षकाचे वैयक्तिक तत्त्वज्ञान कसे घडते, कोठे कसोटीला लागते आणि कोठे अपुरे पडते, याचा विचार अमेरिकन फुटबॉल या खेळाच्या आधारे केला आहे. हा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. तरीही तो निवडण्यामागे कारण आहे. प्रशिक्षकाच्या हाती इतकी सत्ता सोपवणारे सांघिक खेळ फार थोडे आहेत.

खेळाचे स्वरूप आणि प्रशिक्षकाची सत्ता

या खेळात प्रत्येक बाजूस ११ खेळाडू असतात. आक्रमण करणाऱ्या संघास १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात, त्यांना ‘डाऊन’ म्हणतात. प्रत्येक डाऊननंतर खेळ थांबतो, दोन्ही बाजू पुन्हा मांडणी करतात आणि पुढील चाल बाहेरून सांगितली जाते. सामना ६० मिनिटांचा असला तरी चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा काळ सरासरी सुमारे ११ मिनिटांचाच असतो, असे वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये केलेल्या मोजणीत आढळले होते. हॉकी किंवा कबड्डीत खेळ सुरू झाला की निर्णय खेळाडूच्या हाती जातो. येथे तो दर अर्ध्या मिनिटाला प्रशिक्षकाकडे परत येतो.

दुसरी गोष्ट संघाच्या आकाराची. महाविद्यालयीन संघात शंभरावर खेळाडू असू शकतात आणि प्रत्येक स्थानासाठी स्वतंत्र साहाय्यक प्रशिक्षक असतो. मुख्य प्रशिक्षक प्रत्येक खेळाडूशी रोज बोलू शकत नाही. त्याची भूमिका साहाय्यकांच्या तोंडून आणि वागण्यातून खाली झिरपते. ती स्पष्ट नसेल तर प्रत्येक साहाय्यक आपापल्या समजुतीप्रमाणे तिचा अर्थ लावतो.

जंक्शन आणि कॉलेजव्हिल

१९५४ मध्ये पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांनी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघाची सूत्रे हाती घेतली आणि हंगामापूर्वी खेळाडूंना जंक्शन या लहानशा गावी दहा दिवसांच्या शिबिरास नेले. टेक्सासमध्ये त्या काळी तीव्र अवर्षण होते. रणरणत्या उन्हात सराव चाले आणि सरावात पाणी पिण्यास मनाई होती. तहान सहन करणे म्हणजे कणखर होणे, अशी त्या काळची सर्वमान्य समजूत होती. गेलेल्या शंभराहून अधिक मुलांपैकी सुमारे एक तृतीयांशच शेवटपर्यंत टिकली, बाकीची निघून गेली. एक खेळाडू उष्माघाताने मरता मरता वाचला. त्या हंगामात संघाने एक सामना जिंकला आणि नऊ गमावले.

दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, हाच संघ आपल्या विभागात अजिंक्य ठरला आणि जंक्शनची दंतकथा झाली. शिबिरामुळे संघ घडला, असे आजही सांगितले जाते. या कार्यकारणभावाकडे अभ्यासकाने जरा साशंकतेने पाहावे, असे मला वाटते. त्या संघातील सर्वांत नामवंत खेळाडू, १९५७ चा हाइसमन पुरस्कार मिळवणारा जॉन डेव्हिड क्रो, जंक्शनला गेलेलाच नव्हता. तो १९५४ मध्ये प्रथम वर्षात होता आणि प्रथम वर्षाच्या मुलांना शिबिरास नेले नव्हते. जे टिकले त्यांच्या आठवणी आपल्यापर्यंत येतात. निघून गेलेल्यांची बाजू कोणी विचारत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला जॉन गॅग्लिआर्डी यांचे उदाहरण आहे. कोलोरॅडोतील त्रिनिदाद येथील शाळेच्या संघाचे प्रशिक्षक १९४३ मध्ये युद्धावर गेले आणि सोळा वर्षांच्या गॅग्लिआर्डी यांच्यावर संघाची जबाबदारी आली. खेळाडू म्हणून ज्या गोष्टींचा त्यांना तिटकारा होता त्या त्यांनी बंद केल्या. दमवणाऱ्या कवायती गेल्या, पाणी पिण्याची मुभा आली. पुढे मिनेसोटातील कॉलेजव्हिल येथे, बेनेडिक्टाइन धर्मसंघाच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात, १९५३ ते २०१२ अशी साठ वर्षे ते मुख्य प्रशिक्षक होते. त्यांचे तत्त्वज्ञान नकारांच्या यादीतून ओळखले जाई. सरावात टॅकल नाही, शिट्टी नाही, वजनांचा व्यायाम सक्तीचा नाही, दीड तासाहून लांब सराव नाही, खेळाडूंवर आरडाओरडा नाही आणि ‘कोच’ हे संबोधनही नाही. खेळाडू त्यांना नुसते ‘जॉन’ म्हणत. (आपल्याकडे ‘सर’ म्हटल्याशिवाय मैदानावर पान हलत नाही. हा नियम आपल्या खेळाडूंनाच प्रथम अवघड वाटेल.)

हे ऐकून एखाद्यास वाटेल की हा संघ हौशी आणि ढिला असावा. परंतु गॅग्लिआर्डी यांच्या नावावर ४८९ विजय, १३८ पराभव आणि ११ बरोबरीचे सामने आहेत. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये याहून अधिक विजय कोणाही प्रशिक्षकाच्या नावावर नाहीत. चार राष्ट्रीय अजिंक्यपदेही त्यांत आहेत. अर्थात यातील बराचसा भाग तिसऱ्या श्रेणीत घडला. तेथे क्रीडा शिष्यवृत्त्या नसतात, खेळाडू प्रथम विद्यार्थी असतो आणि कंटाळला तर खेळ सोडून देण्यास मोकळा असतो. अशा ठिकाणी सराव आनंददायी ठेवणे ही केवळ सद्भावना नव्हती, ती व्यावहारिक गरजही होती.

दोघांनाही यश मिळाले, ब्रायंट यांनी पुढे अलाबामा विद्यापीठात सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. त्यामुळे विजयांच्या संख्येवरून कोणते तत्त्वज्ञान ‘खरे’, हे ठरवता येत नाही. ते ठरवण्यासाठी दुसरी फूटपट्टी लागते आणि ती कोणती, हे प्रशिक्षकाला आधी स्वतःशी ठरवावे लागते.

परिस्थितीतून घडणारे विचार

तत्त्वज्ञान म्हणजे केवळ नैतिक मूल्ये नव्हेत. खेळ कसा खेळावा याविषयीची धारणाही त्यात येते आणि ती अनेकदा टंचाईतून जन्मते. बिल वॉल्श सिनसिनाटी संघात साहाय्यक प्रशिक्षक असताना दूरवर चेंडू फेकणारा ग्रेग कुक हा त्यांचा क्वार्टरबॅक १९६९ मध्ये खांद्याच्या दुखापतीने जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेल्या व्हर्जिल कार्टरची फेक लांबवर जात नसे, मात्र ती अचूक होती आणि त्याची बुद्धी तल्लख होती. वॉल्श यांनी त्याच्यासाठी आखूड, नेमक्या वेळी केलेल्या फेकींची पद्धत बसवली. ‘वेस्ट कोस्ट’ आक्रमण या नावाने पुढे गाजलेल्या पद्धतीचे मूळ हे आहे. हाताशी असलेला माणूस पाहून पद्धत बदलणे, हाच त्यांच्या विचाराचा गाभा झाला. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को संघाचे मुख्य प्रशिक्षक झाल्यावर पहिल्या हंगामात त्यांना दोन विजय आणि चौदा पराभव पाहावे लागले. तरीही खेळाडूंपासून कार्यालयात दूरध्वनी घेणाऱ्यांपर्यंत प्रत्येकाने काम कसे करावे, याचे त्यांनी ठरवलेले निकष त्यांनी सोडले नाहीत. जानेवारी १९८२ मध्ये त्या संघाने सुपर बाउल जिंकला.

तथापि एका ठिकाणी रुजलेला विचार दुसऱ्या ठिकाणी रुजेलच असे नाही. केव्हिन केली यांनी आर्कान्सामधील पुलास्की अकॅडमी या शाळेत चौथ्या डाऊनला चेंडू लाथेने दूर न धाडता पुढे सरकण्याचाच प्रयत्न करायचा, हे धोरण आकडेमोडीच्या आधारे राबवले आणि अनेक राज्य अजिंक्यपदे मिळवली. २०२१ मध्ये ते प्रेस्बिटेरियन महाविद्यालयात गेले. तेथे दोन विजय व नऊ पराभव झाले आणि एका हंगामानंतर ते तेथून बाहेर पडले.

लिहून काढण्याचे महत्त्व

पीट कॅरोल यांना १९९४ च्या हंगामानंतर न्यूयॉर्क जेट्सने आणि १९९९ च्या हंगामानंतर न्यू इंग्लंडने पदावरून दूर केले. २००० चा हंगाम ते मैदानाबाहेर होते. त्या काळात त्यांच्या वाचनात बास्केटबॉलचे थोर प्रशिक्षक जॉन वुडन यांचे लेखन आले. वुडन १९४८ मध्ये यूसीएलए येथे आले आणि पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांना १९६४ मध्ये मिळाले. त्यानंतर मात्र बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे मिळाली. इतकी वर्षे वुडन आपला विचार घासूनपुसून पक्का करत होते आणि आपल्याला मात्र आपला विचार कोणाला सांगताही येणार नाही, ही जाणीव कॅरोल यांना झाली. त्यांनी तो कागदावर उतरवला. प्रत्येक कृतीत, प्रत्येक सरावात स्पर्धा, हे त्याचे मध्यवर्ती सूत्र होते. वर्षअखेर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना बोलावले. तेथील भरघोस यशानंतर त्यांनी सिअ‍ॅटल संघाला फेब्रुवारी २०१४ मध्ये ४३–८ अशा फरकाने सुपर बाउल जिंकून दिला.

ही कथा प्रशिक्षण शिबिरांत उत्साहाने सांगितली जाते, तिचा एक भाग मात्र वगळला जातो. एका खेळाडूला नियमबाह्य लाभ मिळाल्याच्या कारणावरून २०१० मध्ये त्या विद्यापीठावर कठोर निर्बंध लादले गेले आणि २००४ च्या हंगामाचे अजिंक्यपद पुढे काढून घेण्यात आले. मैदानावरील प्रत्येक क्षणाचा विचार केलेल्या कागदावर मैदानाबाहेरच्या गोष्टींना किती जागा होती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

उसने घेतलेल्या घोषवाक्यांविषयी येथेच सांगितले पाहिजे. विजय हेच सर्वस्व, अशा आशयाचे विन्स लोम्बार्डी यांच्या नावावर खपणारे वाक्य त्यांच्या आधी यूसीएलएचे रेड सँडर्स बोलून गेले होते. लोम्बार्डी यांनी ग्रीन बे संघात येण्यापूर्वी, तरुणपणी, न्यू जर्सीतील एका कॅथलिक शाळेत लॅटिन, रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान शिकवले होते. एकच चाल शंभर वेळा फळ्यावर उकलून दाखवण्याची त्यांची शिक्षकी वृत्ती त्या वाक्यात कोठेच दिसत नाही.

खेळाडूच्या बाजूने पाहणे

बाल्टिमोर कोल्ट्सचे माजी खेळाडू जो एर्मन यांनी पुढे शालेय प्रशिक्षक म्हणून काम करताना प्रशिक्षकाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत असे मांडले. मी प्रशिक्षण का देतो, ज्या पद्धतीने देतो त्याच पद्धतीने का देतो, माझ्या हाताखाली खेळणे खेळाडूला कसे वाटते आणि यश म्हणजे मी काय समजतो, असा त्या प्रश्नांचा आशय आहे. त्यांतील तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो, कारण त्याचे उत्तर प्रशिक्षकाजवळ नसतेच.

याला संशोधनाचा आधार आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाचे रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी १९७० च्या दशकात मुलांच्या बेसबॉल संघांच्या प्रशिक्षकांचे मैदानावरील वर्तन निरीक्षकांकडून नोंदवून घेतले. मग प्रशिक्षकांना आणि मुलांनाही त्या वर्तनाविषयी विचारले. मुलांनी सांगितलेले वर्णन निरीक्षकांच्या नोंदींशी बऱ्यापैकी जुळले. प्रशिक्षकांचे स्वतःविषयीचे वर्णन, शिक्षेचा भाग सोडल्यास, जवळजवळ जुळले नाही.

मेरीलँड विद्यापीठातील घटना या संदर्भात अभ्यासण्यासारखी आहे. २९ मे २०१८ रोजी धावण्याच्या सरावात एकोणीस वर्षांच्या एका खेळाडूला उष्माघात झाला. अशा वेळी रुग्णालयात नेण्याआधी शरीर थंड पाण्यात बुडवून तापमान उतरवणे हा मान्य उपचार आहे, तो झाला नाही. १३ जून रोजी त्याचा मृत्यू झाला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी ऑगस्टमध्ये कायदेशीर व नैतिक जबाबदारी स्वीकारली आणि ऑक्टोबरअखेर मुख्य प्रशिक्षकांना पदावरून दूर करण्यात आले. चौकशी समितीने नोंदवलेली एक बाब महत्त्वाची आहे. अनेक खेळाडू बोलण्यास घाबरत होते, म्हणून दोष साचत गेले. जंक्शननंतर चौसष्ट वर्षांनी, पाण्याचे शास्त्र सर्वांना ठाऊक झाल्यावर, हे घडले. उणीव माहितीची नव्हती. ‘मला त्रास होतो आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, याची ती उणीव होती.

म्हणून बी.पी.एड.च्या वर्गात तत्त्वज्ञान लिहून घेताना मूल्यांची यादी न मागता प्रसंग द्यावेत, असे मी सुचवेन. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी संघातील सर्वोत्तम खेळाडू सरावास उशिरा आला. डोक्याला मार बसलेला मुलगा ‘मी ठीक आहे’ म्हणतो आहे. विद्यापीठाची परीक्षा आणि निवड चाचणी एकाच आठवड्यात आली आहे. प्रत्येक प्रसंगी काय करणार आणि ते खेळाडूंना हंगामाच्या आरंभी सांगून ठेवणार का, एवढे लिहावे. उत्तरे एकमेकांशी विसंगत निघाली तर चर्चा तेथूनच सुरू करावी.

असा पूर्वघोषित निर्णय काय करू शकतो, याचे उदाहरण डार्टमथ महाविद्यालयात दिसते. मुख्य प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावात खेळाडूंनी एकमेकांना टॅकल करणे बंद केले. डोक्याच्या दुखापतींविषयीचे वैद्यकीय पुरावे तोवर पुढे येऊ लागले होते. टॅकलचे तंत्र गाद्यांवर आणि बाहुल्यांवर शिकवले जाऊ लागले, पुढे अभियांत्रिकी विभागाच्या मदतीने त्यासाठी चालते यंत्रही तयार झाले. २०१५ मध्ये डार्टमथने आयव्ही लीगचे अजिंक्यपद विभागून मिळवले. पुढील वर्षी त्या लीगमधील आठही मुख्य प्रशिक्षकांनी हंगामातील सरावातून पूर्ण टॅकल वगळण्यास एकमताने संमती दिली. कॉलेजव्हिलमध्ये हा नियम त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ चालत आला होता.