पेंढ्याच्या गठ्ठ्यांचे घर : आगीइतकीच ओलीची धास्ती

कुंभकोणम (तामिळनाडू) : येथील एका शाळेत १६ जुलै २००४ रोजी स्वयंपाकघरात लागलेली आग नारळाच्या झापांच्या छपराला भिडली आणि ९४ बालकांचा बळी गेला. अशा शहराच्या परिसरात पेंढ्याच्या भिंतींचे घर सुचवणे प्रथमदर्शनी अविचार वाटेल. मात्र सैल रचलेले छप्पर आणि घट्ट दाबून दोन्ही बाजूंनी लिंपलेली भिंत यांचे आगीतील वर्तन पूर्णतः भिन्न असते.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कुरुवै, सांबा आणि ताळडी हे भाताचे हंगाम असल्याने पेंढा मुबलक असतो. तो प्रामुख्याने जनावरांच्या चाऱ्यासाठी वापरला जातो. त्याच्या आयताकृती गठ्ठ्यांनी भिंती उभारण्याची पद्धत मात्र अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, लाकडाच्या टंचाईमुळे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. गठ्ठे बांधणारी यंत्रे तोवर तेथे आली होती.

झापांच्या थरांतून हवा खेळते, म्हणून ज्वाला झपाट्याने पसरतात. दाबलेल्या गठ्ठ्यात हवा अपुरी असते. त्याचा पृष्ठभाग कोळपतो आणि तो थरच आतील पेंढ्याचे काही काळ रक्षण करतो. अमेरिकेतील प्रमाणित चाचण्यांत मातीचा गिलावा केलेली भिंत एक तास, तर चुना-सिमेंटचा गिलावा केलेली भिंत दोन तास टिकली. खरा धोका बांधकामाच्या काळात असतो. उघडे गठ्ठे आणि जमिनीवर विखुरलेला पेंढा ठिणगीनेही पेटतो. त्यामुळे सुटा पेंढा रोज झाडून काढणे, जवळपास वेल्डिंग किंवा धूम्रपान टाळणे आणि गिलावा लवकर करणे अनिवार्य ठरते. छपरासाठी झापांऐवजी कौले किंवा पत्रे वापरावेत. विजेच्या तारा नळीतूनच न्याव्यात.

घर उभे राहिल्यावर मोठा शत्रू म्हणजे पाणी. या भागात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. म्हणून गठ्ठे पाणी साचण्याच्या पातळीपेक्षा बऱ्याच उंच दगडी वा विटांच्या जोत्यावर ठेवावे लागतात. जोते आणि गठ्ठे यांच्यामध्ये ओल रोखणारा थर हवा, तसेच वाळवीचा बंदोबस्तही हवा. वळचण रुंद ठेवल्यास भिंतीवर पावसाचा मारा कमी होतो. अमेरिकी निवासी बांधकाम संहितेनुसार गठ्ठ्यातील ओलावा २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा आणि कोरडी घनता प्रति घनमीटर किमान सुमारे १०४ किलो असावी. गोल गठ्ठे भिंतीच्या रचनेसाठी गैरसोयीचे ठरतात.

स्वतः घर बांधू इच्छिणाऱ्याने छपराचा भार पेंढ्यावर न टाकता तो खांब-तुळयांच्या सांगाड्यावर घ्यावा. त्या सांगाड्याचे आरेखन अभियंत्याकडून करून घ्यावे आणि स्थानिक संस्थेची परवानगी आधीच मिळवावी. छप्पर प्रथम चढवावे, म्हणजे गठ्ठे भिजत नाहीत. त्यानंतर विटांप्रमाणे सांधे चुकवून थर रचावेत, बांबूच्या काठ्यांनी ते जखडावेत आणि माती किंवा चुन्याचा गिलावा करावा. असा गिलावा आतील बाष्प बाहेर जाऊ देतो, तर निव्वळ सिमेंटचा जाड थर ओल कोंडून ठेवतो.

भिंतींची जाडी उन्हाची झळ रोखते, हा या घराचा मोठा लाभ. मात्र तो कोरड्या आणि पूर्ण लिंपलेल्या भिंतीतच मिळतो. गिलाव्याला गेलेला तडा वेळीच बुजवणे हे या घराचे दरवर्षीचे काम असते. ज्यांना त्यासाठी सवड नाही, त्यांनी हा मार्ग निवडू नये.